ऊन पाण्याचं गाव मणिकर्ण

बचत गटाच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी सहलीचा विषय निघतो. निघतो आणि बहुतेक वेळा तिथंच मिटतो. "घर कोण बघणार?", "गुरांच्या धारा कोण काढणार?", "एवढे पैसे आणायचे कुठून?" हे तीन प्रश्न आले की सचिवताई वही मिटतात. आपल्यातल्या कित्येक जणी माहेर, सासर, बाजार आणि दवाखाना या चार जागांपलीकडे गेलेल्याच नाहीत. म्हणून आज मी एका लांबच्या गावाची माहिती देणार आहे. तिथं काय आहे, ते तसं का आहे, कसं जायचं आणि कुठं जपायचं, हे सगळं नीट सांगते. जायचं की नाही ते तुमच्या गटानं ठरवावं.

हे गाव म्हणजे मणिकर्ण. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या काठावर, दोन्ही बाजूंना उंच डोंगर आणि मधे दाटीवाटीनं वसलेलं. आपलं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सगळ्यात उंच, १६४६ मीटर. मणिकर्ण गाव साधारण १७६० मीटरवर आहे. म्हणजे आपलं सर्वात उंच शिखर जिथं संपतं, त्याच्याही वर शंभरेक मीटरवर तिथल्या बायका रोज चूल पेटवतात, लेकरं शाळेत पाठवतात. एका बाजूला बर्फाच्या पाण्याची नदी धडाडत वाहते, आणि तिच्याच काठावर जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. गावात शिरलं की वाफेचे लोट दिसतात.

पाणी गरम कशानं होतं?

पहिल्यांदा बघणारी प्रत्येक जण हेच विचारते. काही जण सांगतात, खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते. साधारण एक किलोमीटर खोल गेलं की पंचवीस ते तीस अंश वाढतात. डोंगरावर पडलेलं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खोल झिरपतं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. हिमालय हा अजूनही उचलला जाणारा, दबणारा, तडकणारा डोंगर आहे. तिथं अशा खोल भेगा पुष्कळ. म्हणून हे पाणी वाटेत फार न निवता वर पोचतं.

आता स्वयंपाकघरातली एक गोष्ट यात आहे. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ होते आणि पाणी कमी उष्णतेवर उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. मणिकर्णच्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं, आणि तिथल्या काही झऱ्यांचं पाणी नव्वदच्या वर असतं. म्हणजे ते नुसतं गरम नाही, आधण आलेलंच पाणी आहे. डोंगरात डाळ शिजायला वेळ का लागतो, याचंही उत्तर यातच आहे. उकळी फुटली तरी पाण्यात कमी उष्णता असते, म्हणून तिकडं घरोघरी कुकर लागतो.

या पाण्यात तांदूळ शिजतो, हे खरं आहे. कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ बांधून दोरीनं झऱ्यात सोडतात, थोड्या वेळानं भात तयार. गुरुद्वाऱ्याच्या लंगरसाठी मोठमोठी भांडी झऱ्याच्या पाण्यात ठेवून डाळ-भात शिजवतात. ना लाकूड, ना सिलिंडर. सरपणासाठी डोकं भाजत रानोमाळ फिरलेल्या बाईला हे बघून काय वाटतं, ते मी वेगळं सांगायला नको. याच उष्णतेवर सरकारी पातळीवरही प्रयोग झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं तिथं खोल छिद्रं पाडून तपासणी केली, आणि या उष्णतेवर चालणारं छोटं शीतगृह आणि पाच किलोवॅटचं छोटं वीजयंत्र प्रयोग म्हणून चालवून पाहिलं. गरम पाण्यावर थंड कोठी चालते हे ऐकून आमच्या गटातल्या बायका हसल्या होत्या, पण ते होतं.

नावाची गोष्ट

मणिकर्ण म्हणजे कानातलं रत्न. शंकर-पार्वती या खोऱ्यात राहत असताना पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात पडला, तो शेषनागाकडे पाताळात गेला, शंकर कोपले, तेव्हा शेषानं फुत्कार टाकला आणि उकळत्या पाण्याबरोबर मणी वर आले, अशी तिथली कथा. शीख भाविकांची कथा वेगळी. गुरू नानक आपला सोबती मरदाना याच्याबरोबर इथं आले, शिधा होता पण विस्तव नव्हता. नानकांच्या सांगण्यावरून मरदानानं दगड उचलला तर खाली गरम झरा. त्यात टाकलेल्या पोळ्या आधी बुडाल्या, मग शिजून तरंगून वर आल्या. एकाच गावात गुरुद्वारा आहे, शिवमंदिर आहे, राममंदिर आहे, आणि लाकडी कोरीव कामाचं नैना भगवतीचं देऊळ आहे. एकाच पाण्याला दोन्हीकडचे लोक हात जोडतात.

गुरुद्वाऱ्यात जाताना डोकं झाकायचं, चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे. पदर असला की वेगळा रुमाल लागत नाही. लंगरमध्ये जेवण सगळ्यांना फुकट असतं, जात-धर्म कोणी विचारत नाही, सगळे एका पंगतीत खाली बसतात. जमलं तर तासभर पोळ्या लाटायला किंवा भांडी घासायला बसा. तिथं पुरुष मंडळीही भांडी घासताना दिसतात. घरी जाऊन सांगायला ही एक चांगली बातमी आहे.

ऊन पाण्यात उतरताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम पाण्याच्या गावात सगळ्यात जास्त जपायचं ते गरम पाण्यालाच. साठ अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदात कातडी भाजतं. नव्वद अंशांचं पाणी लागलं की विचार करायलाही वेळ मिळत नाही. मूळ झऱ्याजवळ कठडे असतात, त्यांच्या आत हात घालायचा नाही, वाकून फोटो काढायचा नाही, लहान मूल सोबत असेल तर त्याचा हात सोडायचा नाही. कठड्याजवळ फरशी ओली आणि निसरडी असते. रबरी तळव्याच्या चपला घाला.

आंघोळीचे कुंड वेगळे असतात, त्यात थंड पाणी मिसळलेलं असतं. गुरुद्वाऱ्यात बायकांसाठी बंदिस्त, वेगळी सोय आहे. तिथं मोबाईल बाहेर काढायचा नाही, कुणाचाच. हा नियम आपल्या गटानं निघण्याआधीच ठरवून टाकावा.

कुंडात उतरण्याचे नियम मी वहीत लिहून घ्यायला सांगते:

एक. आधी हातानं पाणी बघा, मग पाय, मग हळूहळू कंबरेपर्यंत. एकदम उडी घ्यायची नाही.

दोन. पहिल्या वेळी पाच ते दहा मिनिटं पुरे. बरं वाटतंय म्हणून अर्धा तास बसायचं नाही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब खाली येतो आणि उठताना भोवळ येते. म्हणून सावकाश उठा, कठडा धरा.

तीन. एकटीनं उतरायचं नाही. एक जण पाण्यात असताना दुसरी काठावर हवी.

चार. गरोदर बाईनं उतरायचंच नाही. हृदयाचा त्रास किंवा जास्त बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

पाच. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपायचं. बऱ्याच जणींच्या पायाला बधिरपणा असतो. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, आणि भाजल्याचं रात्री लक्षात येतं. अशा ताईनं स्वतःच्या पायावर विश्वास न ठेवता सोबतच्या बाईला पाणी बघायला सांगावं.

सहा. उघडी जखम, फोड, ताप असेल तर उतरू नका. कुंडाचं पाणी तोंडात घेऊ नका. भरपेट जेवून उतरू नका. आधी आणि नंतर प्यायचं पाणी प्या.

आणि भाजलंच, तर हळद, टूथपेस्ट, तूप काहीही न लावता वीस मिनिटं साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठी लगेच काढा, कारण सूज येते. मग दवाखाना.

या पाण्यानं आजार बरे होतात का? गुडघे, कंबर आखडलेली असेल तर गरम पाण्यानं मोकळं वाटतं, दुखणं काही काळ कमी होतं. हे घरच्या शेकानंही होतंच. पण संधिवात मुळातून जातो, साखर उतरते, कातडीचा रोग नाहीसा होतो, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि आपली गोळी मात्र वेळेवर घ्या. देवावरची श्रद्धा आणि डॉक्टरची गोळी यांचं भांडण लावायचं कारण नाही.

आजूबाजूला काय बघावं

मणिकर्णच्या चारेक किलोमीटर आधी कसोल गाव लागतं. देवदारची झाडं, नदीकाठ, दुकानं. तिथून पूल ओलांडून छलाल गावापर्यंत झाडीतून पायवाट आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. शेतात राबणाऱ्या बाईला ती अवघड नाही. ज्यांना चढ जमत नाही त्यांनी एवढं केलं तरी हिमालयात पायी फिरल्याचं समाधान मिळतं.

मणिकर्णच्या पुढं साधारण चौदा किलोमीटरवर बरशैणी. इथंपर्यंत गाडी जाते. जवळच पार्वती जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. वर तोष नावाचं गाव, लाकडी घरांचं, मागं बर्फाचे डोंगर. बरशैणीहून खीरगंगेला पायी वाट जाते. एका बाजूनं दहा-बारा किलोमीटर, चढाला चार ते सहा तास. वर, साधारण २९५० मीटरवर, उघड्यावर गरम पाण्याचं कुंड आहे. पार्वतीनं इथं कार्तिकेयासाठी खीर केली, म्हणून खीरगंगा, असं सांगतात. हा चढ सगळ्यांसाठी नाही. ज्यांना जायचं त्यांनी महिनाभर आधी रोज तासभर चालायची सवय करावी, सकाळी लवकर निघावं, स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि अंधाराच्या आत मुक्कामी यावं. ज्या राहतील त्यांना कमी लेखू नये. गटाची सहल म्हणजे शर्यत नाही.

मलाणा हे गाव त्याच खोऱ्यात, जरी गावाकडून फाटा आहे. तिथल्या ग्रामदेवतेला जमलू म्हणतात, आणि जमलू म्हणजे जमदग्नी ऋषी असं मानतात. आपल्या माहूरच्या रेणुकेचे यजमान! इतक्या लांब गेल्यावर ओळखीचं नाव भेटलं की बरं वाटतं. पण त्या गावाचे नियम कडक आहेत. बाहेरच्यांनी देवळाला, घरांच्या भिंतींना हात लावायचा नाही, लावला तर दंड होतो. नियम पटो न पटो, गाव त्यांचं आहे.

परतताना कुल्लूकडे वळलात तर शालींचे माग जरूर बघा. भुट्टिको ही विणकरांची सहकारी संस्था १९४४ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे. तिथल्या बायका अंगाभोवती जाड लोकरी पट्टू पिनांनी अडकवून नेसतात आणि डोक्याला धाटू बांधतात. रस्त्याकडेला सिड्डू मिळतो. गव्हाचं आंबवलेलं पीठ, आत अक्रोड किंवा डाळीचं सारण, वाफवून वर तूप. आपल्याकडच्या उकडीच्या दिवसांची ही लांबची बहीणच म्हणा. सिड्डू विकणाऱ्या बाईपाशी दोन मिनिटं थांबा, पीठ कसं आंबवता, भाव कसा ठरवता ते विचारा. आपल्याकडच्या यात्रेत कधी स्टॉल लावायचा असेल तर हे बघितलेलं कामी येतं.

कधी जावं, कधी जाऊ नये

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा पाऊस पूर्ण थांबल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच नको. जुलै २०२३ मध्ये कुल्लू जिल्ह्यात मोठा पूर आला, रस्ते वाहून गेले आणि पर्यटक दिवसच्या दिवस कसोल-मणिकर्ण भागात अडकून पडले. ऑगस्ट २०१५ मध्ये मणिकर्णच्या गुरुद्वाऱ्याच्या इमारतीवर डोंगरावरून दगड कोसळून भाविक दगावले. मार्च २०२५ मध्ये गुरुद्वाऱ्याजवळ झाड कोसळून सहा जण गेले. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. डोंगर देखणा असतो तसा अवघडही असतो, एवढंच. वारा-पाऊस सुरू झाला की कड्याखाली, मोठ्या झाडाखाली थांबायचं नाही. पार्वती नदीत पाय धुवायलाही उतरायचं नाही. पाणी बर्फाचं, ओढ भयंकर, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं तर पातळी बघता बघता वाढते.

आणखी एक. या खोऱ्यात नशेच्या मालाचा धंदा चालतो. कोणी "ताई, एवढी पिशवी खाली भुंतरपर्यंत न्या" म्हणालं तर साफ नाही म्हणायचं. अनोळखी पुडी आपल्या सामानात सापडली तर कायदा आपलंही नाव लिहितो.

कसं जायचं आणि पैसा कसा उभा करायचा

नाशिक रोड, मनमाड, भुसावळवरून दिल्लीकडे गाड्या जातात. दिल्ली किंवा चंडीगडहून मनालीकडे जाणारी बस धरायची आणि कुल्लूच्या दहाएक किलोमीटर अलीकडे भुंतरला उतरायचं. तिथं ब्यास आणि पार्वती या नद्यांचा संगम आहे. भुंतरहून मणिकर्ण पस्तीस किलोमीटर, वळणाचा अरुंद रस्ता, दीड तास तरी धरा. घाट लागणाऱ्यांनी ओवा, लिंबू, गोळी जवळ ठेवावी. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो, म्हणून तिकीट काढताना वय बरोबर लिहा. आपल्या राज्यात एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे गाव ते रेल्वे स्टेशन हा पहिला टप्पा स्वस्तात होतो.

पैशाची गोष्ट स्पष्ट बोलते. गटाची बचत, फिरता निधी, बँकेचं कर्ज, यातला एक रुपयाही सहलीला वापरायचा नाही. तो पैसा शेळीचा, शिलाई मशीनचा, लेकीच्या फीचा आहे. सहलीसाठी वेगळी वर्गणी, वेगळी वही, वेगळी पावती. समजा बारा जणी महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकताहेत, तर दीड वर्षात एक लाख आठ हजार होतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला नऊ हजार. ज्यांना पाचशे जमत नाहीत त्यांनी दोनशे टाकावे, पावणेचार वर्षांनी जावं. कर्ज काढून मात्र कुणीही येऊ नये, आणि हप्ता थकला असेल तर आधी हप्ता. कोण येणार, कोण नाही, पैसे कसे परत मिळणार, हे ठराव करून इतिवृत्तात लिहा. तोंडी ठरलेलं परत आल्यावर भांडणाचं होतं.

आणि तो पहिला प्रश्न, घर कोण बघणार? आमच्या प्रभागातल्या एका गटानं याचं सोपं उत्तर काढलं. गटातल्या निम्म्या जणी एका वर्षी गेल्या, उरलेल्यांनी त्यांची गुरं आणि म्हाताऱ्या माणसांची भाकरी सांभाळली. पुढच्या वर्षी उलट. त्यांच्यातल्या एका मावशींचं वय साठच्या पुढं. लग्नानंतर चाळीस वर्षांत घराबाहेर रात्र काढली ती फक्त बाळंतपणात आणि दवाखान्यात. परत आल्यावर त्या बैठकीत एवढंच म्हणाल्या, "पाणी गरम होतं, पण मी पाच दिवस कुणासाठी तापवलं नव्हतं." सगळ्या गप्प झाल्या होत्या.

ज्यांना एवढ्या लांब जमणार नाही त्यांनी हिरमुसू नये. आपल्याकडेही असं पाणी आहे. ठाणे-पालघरच्या हद्दीवर वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली. रायगडात पालीजवळ उन्हेरे. रत्नागिरीत संगमेश्वरकडे तुरळ, राजवाडी, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. जळगावात चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव. नावं नीट ऐका, काहींत 'ऊन' आहे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. आपल्या आज्या न्हाणीत हाच शब्द वापरत. गावाच्या नावातच पाण्याची खूण ठेवलेली आहे. हे झरेही ज्वालामुखीचे नाहीत, तेही भेगांतून वर आलेलं खोलातलं पाणीच. एका दिवसाची सहल, पिठलं-भाकरी बांधून. पाण्यात उतरण्याचे वर सांगितलेले नियम तिथंही तेच.

तर पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेत एक ओळ घाला, 'सहल निधी'. मणिकर्ण असो की वज्रेश्वरी, आधी वही उघडा, पहिली वर्गणी लिहा. घर कोण बघणार याचं उत्तर एकटीला सापडत नाही, दहा जणींनी मिळून शोधलं की सापडतं.